गार्डबाबांचा भोपळा

ऑक्टोबर कुणाला आवडतो? पाऊस गेलेला, थंडीचा अजून पत्ता नाही, अंगाची नुसती काहिली. शेजारच्या बाई खिडकीत उभ्या राहून रोज उन्हाला शिव्या घालतात. मी आपली गप्प बसते. कारण हातगाडीवर चिरलेला लाल भोपळा दिसला, त्याचा ओलसर गोड वास नाकात गेला, की मला कसं हुश्श वाटतं. भोपळा बघून सुटल्यासारखं वाटणारी बाई अख्ख्या डोंबिवलीत मी एकटीच असेन. भाजीवाल्यानं मला बरोबर ओळखलंय. या बाई भोपळ्याचा भाव करत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आमच्या चर्चमध्ये याच महिन्यात सुगीचा सण असतो. परवाच झाला. हल्लीची मंडळी काय काय आणतात! कुणी परदेशी सफरचंदं, कुणी ते गुलाबी काटेरी फळ, ज्याचं नाव मला घेता येत नाही, आणि एका मुलीनं तर कापून डबीत भरलेली फळं आणली, वर झाकण लावून. पाळकांनी बिचाऱ्यांनी सगळ्यावर सारखीच प्रार्थना केली. मला हसू आवरेना. डोळे मिटले, आणि मी पोहोचले थेट कल्याणच्या रेल्वे वसाहतीत, पन्नास-एकावन्नच्या सुमाराला. मी मॅट्रिकला होते, आणि आमच्या घरात दादाचं नाव निघत नव्हतं.

तेव्हाची आमची मंडळी म्हणजे वसाहतीतली मराठी ख्रिस्ती माणसं. कुणी फायरमन, कुणी पॉइंट्समन, कुणी पार्सल ऑफिसात. सगळी मूळची नगर जिल्ह्यातली. शेती कुणाकडेच नव्हती. तिकडेही नव्हतीच म्हणा, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांची नातवंडं आम्ही. पण पहिलं पीक देवाला द्यायचं म्हणजे द्यायचं. त्यात नियम असा, की बाजारातलं चालणार नाही, स्वतःच्या हातानं पिकवलेलं हवं. मग काय, पाऊस सुरू झाला की क्वार्टरांच्या कौलांवर वेल चढायचे, फुटक्या बादल्यांत मिरच्या लागायच्या, कोळशाच्या राखेत अळू तरारायचं. इंजिनांच्या धुरानं पानं काळी पडायची आणि आमच्या आया ती फडक्यानं पुसत बसायच्या.

देऊळ, म्हणजे चर्च, साहेबांच्या काळातलं. सकाळी तिथं इंग्रजी उपासना चाले, बाकांवर, ऑर्गनवर. दुपारी आमची, जाजमावर, पेटी-तबल्यावर. स्वराज्य आल्यापासून सकाळची माणसं कमी होत चाललेली. आज या कुटुंबानं पेट्या बांधल्या, उद्या त्या. शाळेत मला मैत्रिणी अगदी साधेपणानं विचारत, तुमचे साहेब निघाले, मग तुम्हीही जाणार का गं? मी म्हणे, जाणार की, नगरला, मामाकडे, मे महिन्यात. त्या हसत आणि मीही हसे, पण घरी येताना ते कुठंतरी टोचत राही. आपण इथलेच आहोत हे कुणाला सांगावं लागणं, ही काय कमी पंचाईत आहे?

सुगीच्या दिवशी खांबांना ऊस बांधत. खडवलीकडून कुणीतरी नव्या भाताच्या पेंढ्या आणून द्यायचं, त्या वासानं सगळं देऊळ भरून जायचं. वेदीपुढे भोपळे, दुधी, चवळीच्या शेंगा, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी, जी नेमकी प्रार्थनेच्या शांततेत ओरडायची. उपासना झाली की बाहेर चिंचेखाली या सगळ्याचा लिलाव. वस्तू कुणाची ते आधी सांगायचं नाही, म्हणजे तोंड बघून बोली लागत नाही. कुणी वस्तू घेतली की विचारायचं, हे कुणाचं? मग देणाऱ्यानं उभं राहायचं. आणि खरी गंमत इथून पुढे होती. ज्यानं वस्तू घेतली त्यानं ती आठवड्याच्या आत शिजवायची आणि देणाऱ्याला आपल्या घरी जेवायला बोलवायचं. बोलावलं की गेलंच पाहिजे, सबब चालायची नाही.

हा नियम उगीच नव्हता. आम्ही सगळे ख्रिस्ती खरे, प्रभूच्या मेजावर एका प्याल्यातून पिणारे, पण चुलीपाशी आलं की कोण कुठल्या वाड्यातलं, आजा कोण होता, हे बरोब्बर सगळ्यांना आठवायचं. नियम काटेकोर पाळला जाई तो गार्डबाबांमुळे. हे साळवे गार्ड, रेल्वेतून रिटायर झालेले, मंडळीचे मुख्य पंच, राहायला ठाकुर्लीला. उंच, वाळके, उन्हाळ्यातही काळा कोट. जन्मभर हिरवे-लाल बावटे दाखवलेला माणूस. हो म्हणाले की गाडी सुटली, नाही म्हणाले की जागच्या जागी उभी. आदल्या वर्षी एका बाईनं, मी त्यांच्या घरी जेवत नाही, म्हणून हट्ट धरला, तर हे स्वतः तिला त्या दारात घेऊन गेले आणि ती पहिला घास घेईपर्यंत तिथून हलले नाहीत.

याच गार्डबाबांनी दादाला मंडळीबाहेर ठेवला होता.

शमुवेल माझा थोरला भाऊ, मी त्याला दादा म्हणे. लोको शेडमध्ये फिटर, वाचनाचा नाद. वाचनालयात त्याची सुमनशी ओळख झाली. ती डोंबिवलीच्या शाळेत शिकवायची, मूळ कोकणातल्या हिंदू घरातली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. तिनं बाप्तिस्मा घ्यावा असं आमच्याकडे म्हणणं, त्यानं हिंदू व्हावं असं तिच्याकडे. दोघं म्हणाली, कुणीच काही व्हायचं नाही, कचेरीत लग्न करू. पण नवा कायदा तेव्हा यायचा होता. जुन्या कायद्यानं असं लग्न लावायचं तर दोघांनी लिहून द्यावं लागे, की मी ख्रिस्ती धर्म मानत नाही, मी हिंदू धर्म मानत नाही. दादानं लिहून दिलं. सही केली.

आता माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीनं असंच दोन धर्मांचं लग्न केलं. कुणी तिला काही सोडायला लावलं नाही. दोघं सही करून आली आणि मला पेढे देऊन गेली. मी तो पेढा हातात धरून किती वेळ बसले होते. केवढ्याशा गोष्टीसाठी आमच्या घरात केवढं झालं होतं.

पंचांची बैठक बसली. गार्डबाबांनी शास्त्र उघडून निकाल दिला, की ज्यानं आपल्या हातानं विश्वास नाकारला त्याला प्रभुभोजन बंद, आणि त्याच्या घरी कुणी पंगतीलाही बसायचं नाही, घरच्यांनीसुद्धा. आईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. आई रेल्वेच्या दवाखान्यात मिडवाइफ होती. वडील मी लहान असतानाच गेले. क्वार्टर आईच्या नावावर, पगार आईचा, आणि वडिलांच्या पाठीमागे तिला उभं केलं ते याच मंडळीनं. मंडळी सुटली तर आईनं कुणाकडे बघायचं? शिवाय खरं सांगायचं तर तिचं मनही दुखावलं होतं. मुलानं हिंदूशी लग्न केलं याचं तिला फारसं काही नव्हतं. "त्यानं सही कशी केली गं?" एवढंच एकदा मला म्हणाली. त्यानंतर त्याचं नाव तिनं काढलं नाही, आणि मीही तिच्यापुढे काढेना.

दादा-वहिनी डोंबिवलीला बिऱ्हाड करून राहिले. दोन स्टेशनं पलीकडे. पण दोन स्टेशनं काय आणि दोन समुद्र काय, जायचंच नाही म्हटल्यावर. पावसाळ्यात कुणाकडून तरी कळलं की वहिनीला दिवस गेलेत. वसाहतीतली निम्मी पोरं आईच्या हातांवर जन्मलेली. अडलेली बाई ऐकली की भरल्या ताटावरून उठून जाणारी माझी आई, आणि तिच्या स्वतःच्या नातवंडाला ती हात लावू शकत नव्हती. दवाखान्यातून येई तेव्हा साडीला कार्बोलिक साबणाचा वास असे. तशीच उंबऱ्यावर बसून राही. मी चहा दिला तर घेई, नाही दिला तर मागत नसे. मला तिचा इतका राग यायचा, आणि इतकी कीवही यायची, की मी पुस्तक घेऊन आत जाऊन बसे.

आमच्या कौलांवर दरवर्षी लाल भोपळ्याचा वेल असायचा. वेदीपुढचा सगळ्यात मोठा भोपळा आमचा, हे ठरलेलंच. लहानपणापासून दादा तो खांद्यावर घेऊन जायचा. त्या वर्षी पाऊस लांबला आणि वेल कुजला. आईनं अळूच्या पानांची जुडी नेली. तीही बरी होती, पण आई ती ठेवून मागे येऊन बसली तेव्हा मला उगीचच भरून आलं.

त्या वर्षीही वेदीपुढे मोठा भोपळा होता. तांबडालाल, वर पांढुरकी झाक असलेला. कुणाचा ते मला ठाऊक नव्हतं. उपासना झाली, आम्ही सगळे चिंचेखाली जमलो. लिलाव पुकारायचं काम पार्सल ऑफिसातल्या मनोहरकाकांचं. त्यांनी भोपळा डोक्याच्या वर उचलला आणि तेवढ्यात फाटकापाशी दादा दिसला. पांढरा शर्ट, केस नीट बसवलेले. लग्नानंतर पहिल्यांदाच तो देवळाच्या आवारात येत होता. देवळात यायची त्याला बंदी होती. चिंचेखाली यायची नाही, असं कुठं लिहिलं नव्हतं.

त्यानं बोली लावली. मनोहरकाकांनी इकडेतिकडे पाहिलं, पण त्याच्या वर बोली लावायला कुणी तयार होईना. लाजेनं म्हणा, मायेनं म्हणा, सगळे चपलांकडे बघत उभे. मी दादाच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या एकदम लक्षात आलं. त्याला वाटत होतं की हा आईचाच भोपळा! वेल कुजल्याचं त्याला कोण सांगणार? भोपळा घ्यायचा, म्हणजे आईला त्याच्या घरी जेवायला यावंच लागेल, असा त्याचा सरळ हिशेब. निकाल पंचांचा असला तरी नियमही मंडळीचाच होता ना! मला हाका मारून सांगावंसं वाटत होतं, अरे, नको घेऊस, तो आपला नाही. पण सगळ्या मंडळीसमोर हाक कशी मारणार?

मनोहरकाकांनी भोपळा त्याच्या हातात दिला आणि सवयीनं विचारलं, हे कुणाचं?

आई बसलेलीच राहिली. दादा तिच्याकडे बघत होता. आणि मागून, काळ्या कोटासकट, गार्डबाबा उभे राहिले.

कोंबडीसुद्धा ओरडली नाही. गार्डबाबांच्या घरामागे त्यांच्या बायकोनं वेल लावला होता म्हणे. गार्डबाबा गेले नाहीत तर त्यांनी स्वतः जपलेला नियम मोडणार, गेले तर स्वतः दिलेला निकाल मोडणार. सगळ्या मंडळीसमोर म्हातारा दोन्हीकडून अडकला. पाळकसाहेब पायरीवर उभे होते. ते एकदम जोडे घालण्यात गुंग झाले. दादाचा चेहरा पडला होता. पण आईचाच मुलगा तो. त्यानं भोपळा काखेत मारला, पुढे आला आणि म्हणाला, "गार्डबाबा, शनिवारी दुपारी आमच्याकडे जेवायला या." मग मागे वळून न बघता फाटकातून निघून गेला.

घरी आल्यावर आईनं अंगावरची साडी बदलली, घडी घालता घालता थांबली. "त्याला वाटलं, माझाच," म्हणाली. मग ती खाली बसून रडली. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती, ते सगळं तेव्हा बाहेर पडलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मलाही रडू आलं.

तो आठवडा काही संपेना. नळावर, दवाखान्यात, शेडमध्ये एकच विषय. काही म्हणत, गार्डबाबा तापाचं निमित्त काढतील. काही म्हणत, तो माणूस मरेल पण सबब सांगणार नाही. आमचा जीव मात्र टांगणीला लागलेला. कारण गार्डबाबा त्या घरी जेवले, तर आईला अडवायला कुणाचं तोंड उरणार होतं? आणि नाही जेवले, तर दार कायमचं बंद. वहिनीला आठवा लागला होता.

शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. गार्डबाबा. कोट ब्रश केलेला, दाढी गुळगुळीत, तोंड उतरलेलं. आत येईनात. त्यांची बायको येत नाही म्हणाली होती, गुडघे दुखतात म्हणून. ते उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या बराच वेळ रेल्वेच्याच भाषेत काहीबाही सांगत राहिले. पार्सल एकदा बुक झालं की ते पाठवणाऱ्याचं राहत नाही, म्हणाले. तसा तो भोपळा वेदीपुढे ठेवला तेव्हाच त्यांचा राहिला नव्हता. म्हणजे बोलावणं शमूचं नाही, ज्याचा भोपळा त्याचं, देवाचं आहे. हे कोडं सोडवायला त्यांना पूर्ण आठवडा लागला असणार. शेवटी ते म्हणाले, "मी जाणार आहे. पण एकट्यानं जायला होत नाही मला. तुम्ही चला, बाई."

"आणि मंडळी?" आईनं विचारलं.

"मंडळीला मी उत्तर देईन."

आईनं तोंडावर पाणी मारलं, चांगली साडी नेसली. एवढ्या भराभर तयार झालेली मी तिला फक्त अडलेल्या बायकांसाठी पाहिली होती.

आम्ही तिघं गाडीत बसलो. ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसची चिमणी गेली, मग दोन्हीकडे पिवळी भातशेतं, कापणीला वाकलेल्या बाया. डोंबिवली तेव्हा एवढीशी होती. ठाकुर्लीहून गाडी सुटताना गार्डबाबांनी सवयीनं मान काढून मागचा बावटा बघितला आणि मग ओशाळून आत घेतली.

दादाचं बिऱ्हाड कौलारू चाळीत, शेताला लागून. त्यानं दार उघडलं आणि गार्डबाबांच्या मागे आई दिसल्यावर तो बाजूला सरायचंच विसरला. वहिनी पदर सावरत पुढे आली, जड झालेली, गालांवर वांग आलेले. मी तिला पहिल्यांदाच जवळून बघत होते. तिनं पाटावर बसवलं, पाणी दिलं. घरभर भोपळ्याच्या भाजीचा, घारग्यांचा वास. आणि ती आमच्यापुढे काय आणून ठेवते? केळी आणि दुधाचे पेले.

गार्डबाबांनी विचारलं, हे काय? वहिनी गोंधळली. तिच्या माहेरी असंच असे. ज्यांना आपल्या हातचं शिजवलेलं चालत नाही, त्यांच्यापुढे फळं आणि दूध ठेवायचं, म्हणजे त्यांचाही मान राहतो, आपलाही. तिला वाटलं, हे निकालाचे पंच, हे काही तिच्या हातचं जेवणार नाहीत. जेवण तयार आहे, चालणार असेल तर वाढते, असं ती अगदी हळू म्हणाली.

गार्डबाबा त्या केळ्यांकडे बघत राहिले. "पोरी," ते म्हणाले, "माझ्या लहानपणी गावात माझ्या हातचं पाणी कुणी घेत नसे. आईला विहिरीवर उभं राहू देत नसत. म्हणून तर आम्ही या वाटेला आलो. मी तुझ्या हातचं नको म्हणू?"

त्यांनी केळी बाजूला सारली आणि वहिनीनं ताट वाढून आणताच ते पुढे ओढलं.

जेवणाआधी प्रार्थना कोण करणार, असा प्रश्न आला. दादानं नको म्हणून मान हलवली. त्यानं सही केली होती आणि सही केल्यावर खोटं वागायचं नाही, एवढा तो सच्चा होता. पुढेही तो नेमानं चर्चला येऊ लागला असं काही झालं नाही. नाताळला येई, मागे उभा राहून गीतं म्हणे, आणि निघून जाई. त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. त्या दिवशी प्रार्थना गार्डबाबांनीच केली. एरवी त्यांची प्रार्थना म्हणजे मालगाडी, डबे संपायचे नाहीत. त्या दिवशी दोन वाक्यांत आटोपली, दुसऱ्यात आवाज चिरकला आणि आमेन आम्ही बाकीच्यांनी म्हटलं. वहिनीनंही म्हटलं. दादा ताटाकडे बघत होता.

गार्डबाबांनी भाजी दोनदा मागून घेतली. भोपळा चांगला निघाला, म्हणाले, जशी काही पेरणीपासून त्यांनीच राखण केली होती. मला असं हसू फुटलं, की ठसका लागला आणि दादानं माझ्या पाठीत धपाटा घातला. इतक्या दिवसांनी त्याचा हात पाठीवर पडला होता. अहाहा, काय बरं वाटलं म्हणून सांगू!

कायदा, शास्त्र, निकाल यांतलं मला आजही फारसं कळत नाही. नव्या जमान्यात विश्वास टिकेल की नाही, असं तरुण पाळक काळजीनं बोलतात. मी मान डोलावते. मी एवढंच पाहिलंय की एक हट्टी म्हातारा आपल्याच निकालाच्या विरुद्ध जाऊन पाटावर बसला आणि पोटभर जेवला, आणि त्यानंतर आमच्या मंडळीचं छप्पर काही कोसळलं नाही. उलट त्या दिवसापासून तिथं बसताना मला घुसमटल्यासारखं वाटेनासं झालं.

जेवणं झाली. गार्डबाबा आणि दादा बाहेर ओटीवर जाऊन बसले. वहिनी ताटं उचलायला वाकली तशी आई पुढे झाली. तिनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं, मोरीवर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले, पुसले आणि तळवे एकमेकांवर घासून ऊन केले. "नीज इथं," म्हणाली. वहिनी चटईवर आडवी झाली. आईनं पोटावर हात ठेवले, वर, मग कुशीला, मग खाली, डोळे मिटून.

"डोकं खाली आलंय," आई म्हणाली. "ही पाठ. इथं हात ठेव, कळेल तुला. बाळंतपणासाठी दुसरीकडे कुठं नाव घालायचं नाही. मी आहे."

वहिनीच्या डोळ्यांतून कानशिलांवर पाणी वाहत होतं. तिनं विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू?"

"तो काय म्हणतो?"

"आई."

"मग तेच," आई म्हणाली, आणि तिनं पोटावरचा हात काही काढला नाही.